ई-सिगारेट, कायदा आणि आमची टपरी

बी. ए. द्वितीय वर्ष (राज्यशास्त्र)

पैठणमध्ये आमची पानाची टपरी आहे. ती नेमकी कोठे आहे हे येथे सांगत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते ठाऊकच आहे, आणि आमच्या वर्गातील काहीजण तर तेथील नेहमीचे गिऱ्हाईक आहेत. माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो, चौथीपर्यंत शिकले. महाविद्यालयाची पायरी चढणारा आमच्या घरात मी पहिलाच. त्यामुळे विजेचे बिल असो, बँकेचे पत्र असो की नगरपरिषदेची पावती असो, घरात आलेला प्रत्येक कागद वाचण्याचे काम माझ्याकडे असते. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मात्र वाचनाचे जे काम माझ्याकडे आले ते निराळे होते.

एका संध्याकाळी मोटारसायकलवरून एक इसम टपरीवर आला. त्याने पाठीवरच्या पिशवीतून पाच-सहा रंगीत वस्तू काढून फळीवर मांडल्या. दिसायला त्या फळ्यावर लिहिण्याच्या जाड पेनासारख्या. एकीवर आंब्याचे चित्र, एकीवर कलिंगडाचे, एकीवर पुदिन्याचे. "कालेजची पोरं घेतात. एका नगामागं तीनशे सुटतील," असे तो म्हणाला. आमच्या टपरीवर तीनशे रुपये सुटायला किती पाने लावावी लागतात आणि तंबाखूच्या किती पुड्या विकाव्या लागतात याचा हिशेब आण्णांना तोंडपाठ आहे. त्यांनी माल ठेवून घेतला नाही, नकोही म्हटले नाही. "रविवारी ये," एवढेच म्हणाले.

रात्री जेवताना त्यांनी मला विचारले, "तू राज्यशास्त्र का काय शिकतूस नव्हं? मग वाचून सांग, हे विकायला परवानगी हाय का न्हाई."

माझ्या शिक्षणाचा घरच्या धंद्याशी काही संबंध आहे असे आण्णांना प्रथमच वाटले असावे. मी तीन दिवस वाचले. प्रस्तुत लेख म्हणजे त्यांना दिलेले तेच उत्तर आहे, जरा विस्ताराने. तो छापण्याविषयी त्यांना आधी विचारले आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. इंग्रजीत तिला व्हेप म्हणतात, कायद्याच्या भाषेत इलेक्ट्रॉनिक सिगारेट. होन लिक नावाच्या चिनी औषधशास्त्रज्ञाने २००३ च्या सुमारास तिचे आजचे रूप तयार केले असे मानले जाते. आत एक लहान बॅटरी, तारेचे एक वेटोळे, कापसाची वात आणि थोडे द्रव असते. ओढले की तार तापते आणि वातीत मुरलेल्या द्रवाचे बारीक तुषार होऊन तोंडात येतात. हे द्रव म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वास आणि बहुतेक वेळा निकोटीन. तंबाखूची सवय लावणारा पदार्थ तो हाच. यात तंबाखू जळत नाही, त्यामुळे राख नाही, थोटूक नाही आणि घरी गेल्यावर आईला वास येत नाही. मुलांना या वस्तूचे आकर्षण का वाटते हे समजण्यास एवढे पुरे. "ही नुसती वाफ आहे" असे जे सांगितले जाते ते मात्र खरे नाही. चहाच्या किटलीतून निघते ती वाफ, आणि किटलीत निकोटीन नसते.

आता कायदा. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने ई-सिगारेटच्या बंदीचा अध्यादेश काढला. त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संसदेने त्याचे विधेयक संमत केले आणि ५ डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली. अधिनियमाचे नाव एवढे लांब आहे की ते एका दमात म्हणता येत नाही: इलेक्ट्रॉनिक सिगारेट (उत्पादन, निर्मिती, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण व जाहिरात) प्रतिबंध अधिनियम, २०१९. मला प्रथम हे नाव म्हणजे सरकारी भाषेचा नेहमीचा फापटपसारा वाटला. पुन्हा वाचल्यावर लक्षात आले की सगळा कायदा त्या कंसातच आहे. कंसात ज्या ज्या क्रिया आहेत त्या सर्व गुन्हा आहेत. जी क्रिया कंसात नाही तिच्याकडे मी नंतर येतो.

व्याख्याही हुशारीने केलेली आहे. वस्तूचा आकार कोणताही असो, तिला नाव कोणतेही दिलेले असो, तिच्यात निकोटीन असो वा नसो. विजेच्या उपकरणाने पदार्थ तापवून ओढण्यासाठी तुषार तयार होत असतील तर ती ई-सिगारेट. इलेक्ट्रॉनिक हुक्काही त्यात आला. म्हणजे "यात निकोटीन नाही, नुसता आंब्याचा वास आहे" ही विक्रेत्याची सबब चालणार नाही. औषध कायद्याखाली परवाना मिळालेली उत्पादने तेवढी वगळली आहेत.

शिक्षा अशी आहे: विक्री केल्यास पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. नुसता साठा ठेवला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फौजदार, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक किंवा त्यावरील अधिकारी, वॉरंटाशिवाय झडती घेऊ शकतो. हे मी आण्णांना वाचून दाखवले तेव्हा ते सुपारी कातरत होते. त्यांचा हात थांबला आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आन् पिणाऱ्याला काय?"

मी पाने मागे-पुढे चाळली. पिणाऱ्याला काही नाही. उत्पादनापासून जाहिरातीपर्यंत सर्व आहे, पण 'वापर' हा शब्द त्या लांबलचक नावात नाही आणि शिक्षेच्या कलमांतही नाही. खिशातला एक नग म्हणजे 'साठा' काय, असा प्रश्न काढता येईल, पण ती वकिलांची बाब झाली. आण्णांच्या दृष्टीने उत्तर स्पष्ट होते. "म्हंजे ओढणारा मोकळा, विकणारा आत," ते म्हणाले आणि पुन्हा सुपारी कातरू लागले.

या ठिकाणी थोडे मागे जाऊन हा कायदा केंद्राकडे कसा आला ते सांगतो, कारण सातवी अनुसूची आपण परीक्षेपुरती पाठ करतो आणि तिचा उपयोग काय हे मला याच वेळी कळले. सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यसूचीत आहे. औषधे व विषे समवर्ती सूचीत आहेत. त्यामुळे आधी राज्ये पुढे आली. पंजाबने औषध कायद्याचा आधार घेऊन निकोटीन असलेली ई-सिगारेट बेकायदेशीर ठरवली. कर्नाटकाने जून २०१६ मध्ये बंदी घातली. केरळ, बिहार, उत्तर प्रदेश वगैरेंनी आपापल्या परीने तेच केले. २८ ऑगस्ट २०१८ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व राज्यांना सल्लापत्र पाठवले. पण सल्ला म्हणजे कायदा नव्हे. व्यापारी न्यायालयात गेले. ही वस्तू 'औषध' नाही, मग औषध नियंत्रकाचा तिच्याशी संबंध काय, असा त्यांचा युक्तिवाद होता. मार्च २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने औषध नियंत्रकांच्या परिपत्रकाला स्थगिती दिली. पुढे मे महिन्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने संपूर्ण बंदीची शिफारस केली आणि सप्टेंबरात अध्यादेश आला. तोपर्यंत १६ राज्ये व एका केंद्रशासित प्रदेशाने बंदी घातलेली होती, असे केंद्रानेच त्या वेळी सांगितले.

केंद्राने औषधाचा वाद टाळला. अधिनियमात सुरुवातीलाच अशी घोषणा आहे की, लोकहितासाठी ई-सिगारेटचा उद्योग संघराज्याने आपल्या नियंत्रणाखाली घेणे इष्ट आहे. संघसूचीतील ५२ व्या नोंदीत हेच शब्द आहेत. उद्योग ताब्यात घेतला आणि घेताक्षणी बंद केला! राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

इतर देशांत चित्र वेगळे आहे. अमेरिकेत राज्याराज्यांत आणि शहराशहरांत निरनिराळे नियम आहेत. ऑस्ट्रेलियात २०२४ पासून ही वस्तू औषधाच्या दुकानातच मिळते. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना तिची शिफारस केली जाते, पण वापरून फेकण्याच्या प्रकारावर तेथेही १ जून २०२५ पासून बंदी आली. तेव्हा सर्व शहाण्यांचे या बाबतीत एकमत आहे असे नाही.

आपल्या महाराष्ट्राला बंदीचा अनुभव याआधीच होता, तो गुटख्याचा. २००२ साली राज्याने अन्नभेसळ कायद्याखाली गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्या कायद्यात असा दीर्घकाळचा अधिकार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. पुढे अन्नसुरक्षा कायदा आला, आणि कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटीन घालता येणार नाही असा नियम २०११ मध्ये झाला. त्याच्या आधाराने जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने पुन्हा बंदी आणली. ती एकेका वर्षाची असते आणि दरवर्षी नवा आदेश निघतो. पुढच्या वर्षी सुगंधी तंबाखू, मावा, खर्रा हेही तिच्यात आले. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की अशा विक्रेत्यांवर अन्नसुरक्षा कायदाच लागू होईल, दंडसंहितेची कलमे लावता येणार नाहीत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि दोन्ही कायद्यांखाली खटला चालू शकतो असे सांगितले.

२०१२ साली मी सहा वर्षांचा होतो. टपरीला पुड्यांच्या माळा लटकत असत, चंदेरी आणि लाल. एके दिवशी आण्णांनी त्या काढल्या तेव्हा टपरी उघडीबोडकी दिसू लागली, एवढे मला आठवते. मावाही त्यांनी लगेच बंद केला असे ते सांगतात. आई त्यावर काही बोलत नाही.

तंबाखूच्या कायद्याशी आमची दुसरी गाठ पडली ती मी नववीत असताना. २००३ च्या केंद्रीय तंबाखू कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखूचा पदार्थ विकता येत नाही, आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तो कोणालाही विकता येत नाही. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. आमची टपरी तेव्हा एका शाळेच्या रस्त्यावर होती. पथक टेप घेऊन आले. आण्णांनी शाळेच्या फाटकापासून पावले मोजून ठेवली होती, दीडशेच्या वर भरत. पण साहेबांनी टेप लावला तो मागच्या भिंतीपासून, आणि टपरी आत आली. पावती फाटली, आणि आठ दिवसांत टपरी हलवावी लागली. नव्या जागी पहिली दोन वर्षे धंदा निम्म्यावर होता. साहेबाने मुद्दाम भिंतीचा मार्ग काढला असे आमच्या घरात पाच वर्षे बोलले जात होते, आणि मीही ते खरे मानत होतो.

ई-सिगारेटचा कायदा शोधताना मला त्या कायद्याखालचा नियम सापडला. अंतर संस्थेच्या कुंपणाच्या किंवा भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, सर्व दिशांनी मोजावयाचे असते. फाटकाचा त्यात संबंध नाही. साहेब बरोबर होते. त्यांनी ती ओळ तेव्हा आण्णांना वाचून दाखवली असती तर बरे झाले असते, पण वाचून दाखवायला त्यांच्याकडे वेळ नव्हता आणि विचारायला आण्णांकडे धीर नव्हता.

वाचनात आणखी एक आकडा आला, तो येथे देणे आवश्यक आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असे दिसले. त्यात धूर काढणारे ३.८ टक्के, आणि चघळणारे, मळणारे, दात घासणारे मिळून २४.४ टक्के. त्याच पाहणीत ई-सिगारेट वापरणारे देशभरात ०.०२ टक्के निघाले. म्हणजे दहा हजारांत दोन. जी वस्तू दहा हजारांत दोघे वापरतात तिला संपूर्ण बंदी, आणि जी चौघांत एक जण वापरतो ती आमच्या फळीवर उघड, कर भरून, चित्रासह विकावयास मोकळी. हा न्याय आहे काय?

मला प्रथम वाटले, नाही. मग वाटले की कायदा करणाऱ्याने सोपे काम आधी केले, आणि त्यात चूक काय? ई-सिगारेटच्या बंदीने येथे कोणाचे शेत ओस पडले नाही. कोणत्या गावच्या बायकांच्या हातची विडी सुटली नाही. तंबाखूचे तसे नाही. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भावासाठी रस्ता रोखला तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. सोलापुरात विड्या वळणाऱ्या हजारो बायका आहेत. आणि लांब कशाला, नाथषष्ठीच्या यात्रेत वारकऱ्यांच्या दिंड्या गोदेच्या वाळवंटात उतरतात तेव्हा आमच्या टपरीवर तंबाखू आणि चुन्याच्या डब्या जेवढ्या जातात तेवढ्या इतर महिन्यात जात नाहीत; माझी पहिल्या वर्षाची फी त्यातून भरली गेली. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो हे मला माहीत आहे. आमच्या गल्लीत त्याची दोन घरे आहेत, आणि त्या दोघांच्या पुड्या आमच्याच टपरीवरून जात. तरी, मुळे धरण्याच्या आधी रोप उपटणे सोपे असते, म्हणून या नव्या वस्तूच्या बंदीला माझा पाठिंबा आहे. जुन्या झाडाचे काय करावे हे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे.

आक्षेप आहे तो एवढाच की बंदी असूनही ती वस्तू मिळते. आमच्या एका वर्गबंधूच्या कंपासपेटीत मी ती पाहिली. "बंदी असती तर मिळाली असती का?" असे त्यानेच मला विचारले. बंदी आहे यावर त्याचा विश्वास बसेना. संभाजीनगरहून आणली म्हणाला. पैठणपासून पन्नास किलोमीटर. मे २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला कायद्याच्या कडक अंमलबजावणीसाठी जाहीर सूचना काढावी लागली, यावरून ही तक्रार केवळ आमच्या गावची नाही हे दिसते.

असो. रविवारी तो इसम आला. आण्णांनी त्याला सांगितले, "न्हाई ठेवायचं. पोरानं वाचलंय." तो हसला आणि गाडीला किक मारून पुढे गेला.

येथे हा लेख संपवता आला असता. पण वाचताना मला आणखी एक आदेश दिसला होता आणि तो मी आण्णांना दोन दिवस सांगितला नव्हता. २४ सप्टेंबर २०२० रोजी महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने सुट्या सिगारेटी व सुट्या विड्या विकण्यास बंदी केली.  कारण असे की पाकिटाच्या ८५ टक्के भागावर धोक्याचे चित्र व इशारा असावा लागतो, आणि सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात ते चित्र जातच नाही. आमच्या टपरीवर सिगारेटी सुट्याच जात. अख्खे पाकीट घेणारा आठवड्यातून एखादा. बरणीशेजारी लायटर दोरीला बांधलेला, आणि एक-एक सिगारेट विकून संध्याकाळचा गल्ला.

व्हेपचा कायदा वाचून दाखवताना मी मोठा वकील झालो होतो. हा आदेश सांगताना माझी जीभ उचलेना. शेवटी टपरी बंद करताना सांगून टाकले.

"का म्हून बंदी?" त्यांनी विचारले.

"पाकिटावरचं चित्र लोकांना दिसावं म्हणून."

"मी रोज बघतू की ते चित्र," आण्णा म्हणाले. मग बराच वेळ ते कुलूप हातात घेऊन उभे राहिले. "आन् दुसऱ्या टपऱ्यावर?"

"तिथं मिळतात."

"मंग पाकीट कोन घेतंय रे आपल्याकडं?"

पाडव्यापासून आमच्याकडे सुटी सिगारेट मिळत नाही. गिऱ्हाईक विचारतात, मी नाही म्हणतो, ते दहा पावलांवरच्या दुसऱ्या टपरीवर जातात. त्यांतले काहीजण पान खायलाही आता तिकडेच जातात. या सत्राचे परीक्षा शुल्क मी विलंब शुल्कासह भरले. आण्णांनी त्याबद्दल मला काही म्हटले नाही. फक्त हल्ली एखादा नवा कागद आला की तो माझ्या हातात देण्याआधी ते विचारतात, "ह्यात आनखी काय निघतंय का बघ."